वाल्मीकरावांची बोटं गेली

वाल्मीक खोडे यांना आयुष्यात एकच गोष्ट येत होती, पण ती फार चांगली येत होती. ते मराठी टाइप करायचे. एका सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं टाइप केली. बदलीचे आदेश, निलंबनाचे आदेश, निलंबन मागे घेतल्याचे आदेश, आणि मागे घेतलेलं पुन्हा लागू केल्याचे आदेश. मिनिटाला पंचावन्न शब्द, तेही कळांकडे न बघता. साहेब आले नि गेले, टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, बोटं मात्र तीच राहिली. निरोपसमारंभात शेवटचे साहेब म्हणाले होते, "खोडे, तुम्ही जा, पण बोटं इथंच ठेवून जा." सगळे हसले होते. वाल्मीकरावांनी ते वाक्य पाच वर्षं घरी जपून ठेवलं होतं आणि चहाला येणाऱ्या प्रत्येकाला ते बशीतल्या बिस्किटाबरोबर मिळत असे.

अशा माणसाची बोटं जावीत आणि तीही ऐन गरजेच्या वेळी, याला काय म्हणावं?

गरज अशी होती. शहरातल्या द्वारका चौकाच्या पलीकडे काठे गल्लीत वत्सलाबाई मंडलिक राहायच्या. वय शहाऐंशी. चाळीस वर्षं त्यांनी टंकलेखनाचा वर्ग चालवला होता. मखमलाबादच्या मळ्यातून सायकलवर फुलांच्या पाट्या मार्केटला टाकून अठरा वर्षांचा वाल्मीक त्यांच्याच वर्गात येऊन बसायचा. बाईंची नजर आता जवळजवळ गेली होती आणि हृदयही फारसं मनावर घेत नव्हतं. पण नजर होती तेव्हा त्यांनी दोन वह्या भरून लिहून ठेवलं होतं. लक्षात राहिलेले अडुसष्ट विद्यार्थी, प्रत्येकावर एकेक परिच्छेद. त्याची छोटी पुस्तिका व्हावी एवढीच त्यांची इच्छा. वाल्मीकराव भेटायला गेले असताना बाईंच्या सुनेनं, सुवर्णानं, त्यांना दाराशी गाठून हळूच सांगितलं, "काका, डॉक्टर म्हणाले, फार दिवस धरू नका."

वाल्मीकराव तसेच परत आत गेले आणि छाती काढून म्हणाले, "बाई, आठ दिवसांत टाइप करून देतो. चाळीस पानं म्हणजे माझ्या बोटांना काय!"

"सावकाश कर," बाई म्हणाल्या. "मला घाई नाही. डॉक्टरांनाच आहे."

पुण्याहून मुलीनं, रूपालीनं, लॅपटॉप पाठवला. खोकं उघडून वाल्मीकरावांनी त्याला कुंकू लावलं, समोर ताठ बसले, डोळे छताला लावले आणि "माझे विद्यार्थी" असं टाइप केलं. पडद्यावर जे उमटलं त्यातली कुठलीही दोन अक्षरं मराठी भाषेत आजवर शेजारी बसलेली नव्हती. कळांची मांडणी निराळी होती. वाल्मीकरावांची बोटं टाइपरायटरच्या मांडणीवर वाढलेली, आणि या यंत्रातलं मराठी कुणीतरी वेगळ्याच क्रमानं बसवलेलं. स्वतःच्या घरात रात्रीतून सगळी कपाटं हलवावीत आणि माणसाला आंधळी कोशिंबीर खेळायला लावावी, तसं झालं. पण रूपालीनं फोनवर तासभर 'बाबा, डावीकडे, बाबा, तिथं नाही' करत टाइपरायटरची मांडणी बसवून दिली आणि पहिलं संकट टळलं. त्या दुपारी वाल्मीकरावांनी सलग तीन पानं काढली. बायकोला, मीनाताईंना, मुद्दाम बोलावून आवाज ऐकवला.

"पाऊस पडल्यासारखा येतो ना?"

"कढईत मोहरी तडतडतेय असं वाटतं," असं म्हणून त्या आत गेल्या, कारण खरोखरच तडतडत होती.

दुसऱ्या दिवशी घात झाला. बाईंच्या अक्षरातला एक शब्द लागेना. 'सुस्वभावी' होतं की 'सुस्तस्वभावी', यावर एका माणसाची आयुष्यभराची अब्रू अवलंबून होती. वाल्मीकराव वही डोळ्यांजवळ धरून विचार करत बसले आणि उजवी करंगळी सवयीनं शिफ्टच्या कळीवर टेकून राहिली. थोड्या वेळानं लॅपटॉपनं पीं पीं केलं आणि पडद्यावर एक चौकट आली. चौकटीत इंग्रजीत काहीतरी प्रश्न, खाली 'येस' आणि 'नो'. छत्तीस वर्षांच्या नोकरीत वाल्मीकरावांनी वरून आलेल्या कुठल्याही इंग्रजी प्रश्नाला 'नो' म्हटलेलं नव्हतं. त्यांनी 'येस' केलं, चौकट गेली, आणि त्यांनी सुस्वभावी टाइप केलं.

काहीच उमटलं नाही.

पुन्हा केलं. पडदा कोरा. पूर्ण वाक्य टाइप केलं, तेव्हा कुठंतरी मध्येच एक 'क' उमटला, तोही उपकार केल्यासारखा. लॅपटॉप बंद करून चालू केला. तेच. कळा खाली जात होत्या, आवाज येत होता, अक्षर नाही. वाल्मीकरावांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. चाळीस मिनिटं सनई ऐकवल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, आपली समस्या सविस्तर टाइप करून पाठवा."

"समस्या हीच आहे की टाइप होत नाही."

"ओके सर. तर ते टाइप करून पाठवा."

मग शेजारचे ललित पगार आले. मूळचे कळवणचे, वीजखात्यातून निवृत्त झालेले, आणि विजेवर चालणाऱ्या सगळ्या वस्तू आपल्याला नातेवाईक लागतात अशी त्यांची समजूत. त्यांनी बाही वर केली, उजव्या हाताची तर्जनी ताठ केली आणि दाराची बेल दाबावी तशी एकेक कळ दाबायला सुरुवात केली. एल शोधायला अर्धं मिनिट, मग तो सापडल्याची खात्री पटेपर्यंत दाबून धरायचा. दहा मिनिटांत पडद्यावर इंग्रजीत त्यांचं स्वतःचं नाव आडनावासकट उभं राहिलं. एकही अक्षर गळलं नव्हतं.

"चालतंय की," पगार म्हणाले.

वाल्मीकरावांनी बसून करून पाहिलं. कोरं.

मीनाताई कणकेचे हात पुसत आल्या. कधी नव्हे ते यंत्राला हात लावायचा म्हणून घाबरत घाबरत त्यांनी एक कळ खोल दाबली. 'म' उमटला.

 पगारांनी वाल्मीकरावांच्या हातांकडे पाहिलं, मीनाताईंनी पाहिलं, आणि मग नाइलाजानं वाल्मीकरावांनीही पाहिलं. दहा बोटं मांडीवर पडली होती. अगदी नेहमीसारखी दिसत होती, आणि तेच जास्त भीतीदायक होतं.

"खोडेसाहेब, राग मानू नका," पगार आवाज खाली आणून म्हणाले, "पण मशीनला काय नाय झालेलं. आमच्या साडूचं असंच झालं व्हतं. पहिलं बोटातलं बळ गेलं. मग खांदा. मग लय फिरवलं त्याला."

"मग?"

"मग काय, फोटो लावलाय."

तिथून पुढचे तेवीस दिवस वाल्मीकरावांच्या घरात लॅपटॉपचा विषय मिटला आणि हातांचा सुरू झाला. रूपाली फोनवर रडली आणि म्हणाली, "बाबा, लॅपटॉप मरू दे, आधी डॉक्टर." नसांच्या डॉक्टरनं बोटाबोटाला वीज लावून पाहिली. छत्तीस वर्षं ज्या बोटांनी कुणाला दुखवलं नाही (निलंबनाचे आदेश सोडले तर), ती टेबलावर बेडकाच्या तंगड्यांसारखी उडत होती आणि डॉक्टर भिंतीकडे बघून गाणं गुणगुणत होते. रिपोर्ट आला नॉर्मल. मध्यमवर्गीय माणसाला नॉर्मल रिपोर्टनं कधी आनंद होत नाही. एवढा खर्च करून काहीच निघालं नाही, याचा अर्थ जे काही आहे ते यांना सापडलेलंच नाही, असाच तो काढतो.

मग उपाय सुरू झाले. कुणी म्हणालं मिठाच्या गरम पाण्यात हात बुडवा. कुणी मनमाडच्या एका वैद्याचं तेल आणून दिलं. ते लावल्यावर दारांच्या कड्या हातातून सुटायच्या, त्यामुळे बोटातलं बळ गेल्याचा पुरावा दिवसातून दहादा मिळू लागला. मीनाताईंनी परातीत ज्वारी ओतून ती एकेक दाणा वेचायला लावली. सोसायटीत बातमी पसरली. खालच्या मजल्यावर 'हात गेला' होती, चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत 'अर्धं अंग गेलं' झाली. एक गृहस्थ शहाळं घेऊन आले आणि वाल्मीकरावांनीच दार उघडलेलं पाहून चांगलेच हिरमुसले.

वाल्मीकराव या सगळ्याला नाही म्हणाले नाहीत. सकाळी उठून ते अंथरुणातच बोटं हलवून पाहत. हलत होती. मग उठून, मीनाताईंना न दिसेल असं, लॅपटॉपसमोर बसत आणि एक ओळ टाइप करत. कोरं. आपल्याला एकच गोष्ट येत होती, ती गेली. उरलेल्या माणसाला काय नाव द्यायचं, हे त्यांना कळत नव्हतं. निरोपसमारंभातलं ते वाक्य त्यांनी पाहुण्यांना सांगणं बंद केलं. बिस्किटं नुसतीच मिळू लागली.

चोविसाव्या दिवशी ते लॅपटॉप पिशवीत घालून, दोन्ही वह्या परत करायच्या ठरवून, काठे गल्लीत गेले. वत्सलाबाई कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या. पूर्वीपेक्षा लहान दिसत होत्या. रस्त्यावरून द्वारकेच्या बाजूचा गाड्यांचा कल्लोळ आत येत होता.

"बाई," वाल्मीकराव म्हणाले. "माझ्याच्यानं होणार नाही. माझी बोटं गेली."

"कुठं गेली?"

त्यांनी सगळं सांगितलं. साडू, वीज, तेल, ज्वारी. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "यंत्र आणलंयस? काढ. आणि टाइप कर. काहीही."

"बाई, उमटत नाही काही."

"मला कुठं दिसतंय?"

वाल्मीकरावांनी टाइप केलं. डोळे मिटून बाई ऐकत राहिल्या. मिनिटभरानं हात वर केला.

"ठेका बरोबर आहे. डावी करंगळी थोडी मागं राहते, ती तेव्हाही राहायची. तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही. सुवर्णा, तू बस तिथं. एक अक्षर दाब."

सुवर्णानं जपून एक कळ दाबली. "उमटलं, आई."

"आता वाल्मीकसारखी पटकन मार."

"नाही उमटलं."

"झालं तर मग," बाई म्हणाल्या. "बोटं चांगली आहेत, यंत्र मंद आहे. माझ्याकडे अशी पुष्कळ मुलं यायची. त्यांना एकदा सांगून कळत नसे. कळ दाब, मनात 'एक' म्हण, मग सोड. असं किती दिवसांत होईल?"

वाल्मीकरावांना रडू आलं आणि हसूही आलं. पण दोन्हीतलं काहीच नीट जमेना. तेवीस दिवस, एक नसांचा डॉक्टर आणि एक मनमाडचा वैद्य यांना जे सुचलं नाही, ते न दिसणाऱ्या बाईनं पाच मिनिटांत सांगितलं होतं.

घरी येऊन ते बसले. कळ दाबायची, 'एक' म्हणायचं, सोडायची. वेलांटी, 'एक'. काना, 'एक'. मिनिटाला पंचावन्न शब्दांचा माणूस मिनिटाला चार शब्दांवर आला. मीनाताई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "अहो, किती झाले?" त्यांना वाटायचं जप चाललाय.

आणि या गतीत वाल्मीकरावांना एक चमत्कारिक अनुभव आला. मजकूर कळू लागला. टाइपिस्ट कधी वाचत नाही. डोळ्यांतून शिरलेलं अक्षर डोक्यात न थांबता थेट बोटांतून निघून जातं, आणि थांबलं तर वेग जातो. पण इथं प्रत्येक अक्षर दारात सेकंदभर उभं राहत होतं, मग त्याच्याकडे पाहणं भाग होतं. घरून पळून आलेली एक मुलगी होती, जी वर्गात झोपायची आणि बाई तिला झोपू द्यायच्या. एक बहिरू होता, ज्याला जोडाक्षरं येत नसत, आणि जो पुढे सैन्यात जाऊन परत आला नाही. वाल्मीकरावांना 'परत आला नाही' टाइप करायला पाऊण मिनिट लागलं. पाऊण मिनिट तो परत आला नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

स्वतःचं नाव ते पहिल्या पाचात शोधत होते. मिळालं नाही. पहिल्या पंचविसात नव्हतं. सत्तावन्नाव्या क्रमांकावर, दुसऱ्या वहीच्या शेवटाकडे, ते आलं.

"वाल्मीक खोडे. १९७९. मखमलाबाद. हाताला कायम झेंडूचा वास. इतका वेगाचा मुलगा माझ्याकडे दुसरा आला नाही. पण काय टाइप करतो ते त्याला कळत नसे. त्या वर्षी आमचे हे गेले. नातेवाइकांना पत्रं धाडायची होती, माझे हात चालत नव्हते. मी मजकूर वाल्मीककडे दिला. त्याने कार्बन लावून दहा मिनिटांत सोळा प्रती काढल्या, एकही चूक नाही. माझ्या हातात दिल्या आणि विचारलं, बाई, मार्जिन बरोबर आहे ना?"

या परिच्छेदाला संपूर्ण दुपार लागली. प्रत्येक अक्षराला 'एक'.

वाल्मीकरावांनी आठवायचा फार प्रयत्न केला. बाईंचे यजमान? त्यांना एक उंच माणूस आठवला, जो खाली सायकलींना कुलूप आहे ना ते बघायचा. मग तो दिसेनासा झाला होता, एवढंच. पत्राचा एक शब्द आठवत नव्हता. मार्जिन आठवत होतं. डावीकडे दीड इंच सोडलं होतं.

'एक' म्हणायला लागल्यापासून चौदाव्या दिवशी चाळीस पानं पूर्ण झाली. कॅनडा कॉर्नर चौकाजवळच्या एका दुकानात ते छापून घ्यायला गेले. काउंटरमागच्या वाघ नावाच्या गृहस्थांनी लॅपटॉप पुढ्यात ओढला, दोन कळा मारल्या, कपाळाला आठी घातली आणि यंत्राच्या सेटिंगमध्ये कुठंतरी आत जाऊन एक खूण काढून टाकली.

"काका, हाताला कंप आहे का तुमच्या?"

"नाही. का?"

"मग हे कशाला चालू केलंत? ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी सोय असते ही. चुकून लागलेल्या कळा यंत्र सोडून देतं. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की विचारतं, चालू करू का? तुम्ही येस म्हणाला असाल."

 वाघ कागद आणायला आत गेले. वाल्मीकरावांनी घाबरत बोटं कळांवर ठेवली आणि एक ओळ मारली. सगळीच्या सगळी उमटली. पुन्हा मारली. मोहरी तडतडली. महिनाभर अंगावर बसलेलं काहीतरी उठून गेल्यासारखं वाटलं. आणि त्याच भरात, कसं झालं ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं, पण ते सत्तावन्नाव्या परिच्छेदावर गेले. 'पण काय टाइप करतो' पासून खालचं सगळं खोडलं आणि वीस सेकंदांत त्या जागी लिहिलं, "अत्यंत सुस्वभावी. माझ्या वर्गाचा अभिमान." वाघ बाहेर आले आणि त्यांनी ते छापलं.

त्याच संध्याकाळी काठे गल्लीत वाल्मीकराव बाईंच्या कॉटजवळ खुर्ची ओढून वाचायला बसले. सुवर्णा दारात तांदूळ निवडत ऐकत होती. बाई डोळे मिटून होत्या. मध्येच 'हं' म्हणायच्या, एकदा हसल्या, बहिरूच्या वेळी हात वर करून थोडा वेळ थांबायला सांगितलं. मग सत्तावन्नावा आला. वाल्मीकरावांनी न अडखळता वाचलं. "अत्यंत सुस्वभावी. माझ्या वर्गाचा अभिमान." आणि अठ्ठावन्नाव्याकडे वळले.

"थांब," बाई म्हणाल्या. "हे माझं नाही."

सुवर्णाचे हात सुपात थांबले.

"मी काय लिहिलं होतं?"

वही तिथं नव्हती, घरी राहिली होती. पण तिची गरजही नव्हती. आयुष्यभरात टाइप केलेल्या लाखो ओळींपैकी ही एकच वाल्मीकरावांना पाठ होती. मान खाली घालून त्यांनी ती म्हटली, सगळी, काना-वेलांटीसकट. झेंडूच्या वासापासून मार्जिनपर्यंत.

 खाली एक ट्रक मागे येताना बराच वेळ केकाटत होता.

"खोटं आहे का?" बाईंनी विचारलं.

"आठवत नाही, बाई."

"आठवणार कसं? तू वाचलंच नव्हतंस."

वाल्मीकरावांनी हातातले कागद मांडीवर एकसारखे केले, पुन्हा एकसारखे केले. त्रेसष्ट वर्षांचा तो माणूस खुर्चीत अवघडून पुढे झाला आणि म्हणाला, "बाई, तुमचे हे गेले, फार वाईट झालं."

सुवर्णानं पदर तोंडाला लावला. हसली की काय, ते वाल्मीकरावांना दिसलं नाही.

"हो रे," वत्सलाबाई म्हणाल्या. "फार वाईट झालं." त्यांनी चाचपडत त्यांचा हात शोधला, क्षणभर धरला आणि सोडला. "ते पान बदलून आण उद्या. पुढचा वाच."

वाल्मीकराव पुढचा वाचू लागले. अठ्ठावन्नावी सटाण्याची होती, एकोणसाठावा बापाच्या दुकानात बसला होता. साठाव्याच्या मध्यावर बाईंचं 'हं' यायचं थांबलं. वाल्मीकराव दचकून वाकले. बाई बारीक घोरत होत्या.

"काका, झोपल्या त्या," सुवर्णा हळू आवाजात म्हणाली. "राहू द्या आता. उद्या वाचा."

"आठच राहिलेत," वाल्मीकराव म्हणाले, आणि आवाज थोडा खाली आणून त्यांनी एकसष्टावा सुरू केला. घाई न करता.